चढावर छाती धडधडते, सायकल सोडू का?

पत्र थोडक्यात असं: "वय ४६, राहणार सुदामानगर, इंदूर. बँकेत नोकरी. दोन वर्षांपासून रोड बाइक चालवते, दर रविवारी गटाबरोबर ५०-६० किलोमीटर. तीन महिन्यांपूर्वी इंदूरजवळच्या जानापाव टेकडीच्या चढावर घड्याळात हृदयाचे ठोके १७८ दिसले. माझ्या वयाला कमाल १७४ असं वाचलेलं होतं. घाबरून थांबले, तर श्वास आवरेना, हातांना मुंग्या, ओठ बधिर. वाटलं, संपलं सगळं. गटातल्या एकांनी गाडी बोलावून घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी ईसीजी नॉर्मल आला. पण तेव्हापासून शनिवारी रात्री झोप नाही. दिवसातून वीस-तीस वेळा नाडी बघते. घड्याळातला फिटनेसचा आकडा उतरतोय, मी सगळ्यांच्या मागे पडते, आणि आता काहीतरी निमित्त काढून रविवार टाळते. घरचे म्हणतात, सोड ती सायकल. सोडू का? निदान घड्याळ तरी विकून टाकू?"

ताई, सायकल सोडू नका. तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक हृदयाचा, दुसरा भीतीचा. हृदयाचा प्रश्न एकदा नीट, पुरता तपासून बंद करायचा. भीतीच्या प्रश्नाचं मात्र उलटं आहे, जितकं तपासाल तितका तो वाढतो. तुम्ही सध्या हृदयाची तपासणी अर्धवट सोडली आहे आणि भीतीची तपासणी दिवसातून तीस वेळा करताय. ही अदलाबदल सुधारली की बरंच काही जागेवर येईल.

आधी हृदय. तुमचा ईसीजी दुसऱ्या दिवशी, पलंगावर आडवं पडून काढलेला आहे. त्रास मात्र चढावर झाला होता. म्हणून फिजिशियनकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जाऊन 'त्रास व्यायामात झाला' हे वाक्य स्पष्ट सांगा आणि टीएमटी करायची का ते विचारा. टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर चालताना सलग ईसीजी. नेहमीच्या पद्धतीत दर ३ मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढवतात. त्यात तुमचे ठोके १६०-१७० पर्यंतही जाऊ शकतात, समोर डॉक्टर असतील, पडद्यावर आलेख असेल. हृदय जोरात धडधडतंय आणि तरी काही बिघडत नाही, हे डॉक्टरांच्या देखरेखीत अनुभवणं हाच निम्मा उपचार आहे. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. बायकांमध्ये टीएमटी दोष नसताना 'पॉझिटिव्ह' येण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. तसं झालं तर घाबरू नका, डॉक्टर पुढे स्ट्रेस एकोसारखी (ताणाखाली हृदयाची सोनोग्राफी) तपासणी सांगतात.

त्याच वेळी रक्ताच्या चार गोष्टी बघून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि बी-१२. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर चढावर दम लागणारच, कारण ऑक्सिजन वाहून नेणारंच कमी. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन बरं दिसूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेला असू शकतो. थायरॉइड जास्त काम करत असेल तर बसल्या जागी धडधड आणि बेचैनी होते. आणि ४५ च्या पुढे पाळी जायच्या आधीच्या काळात धडधड, रात्री घाम, झोप तुटणं हे सगळं होतं. याबद्दल आपल्याकडे बायका डॉक्टरांशी बोलत नाहीत आणि डॉक्टरही नेहमी विचारतात असं नाही. तुम्ही स्वतः विषय काढा. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा.

तपासण्या होईपर्यंत चढ बंद, गटाचा वेग बंद, सपाटीवर आरामात चालेल. तपासणी झाली की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारून उत्तरं कागदावर लिहून घ्या: ठोके कमाल किती गेले, ईसीजीत काही बदल दिसला का, मला कशाचं बंधन आहे का. मग तो कागद कपाटात. नवीन लक्षण आल्याशिवाय किंवा डॉक्टरांनी बोलावल्याशिवाय पुन्हा तपासणी नाही, 'एकदा खात्री करून घेऊ' म्हणून तर नाहीच.

नवीन लक्षण म्हणजे काय तेही नेमकं सांगतो. जोर लावताना छातीत दाब किंवा आवळल्यासारखं होणं आणि थांबल्यावर ते कमी होणं. दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे, हाताकडे सरकणं. सायकल चालवताना भोवळ येऊन शुद्ध हरपणं. बटण दाबल्यासारखी एकाएकी सुरू होणारी आणि एकाएकी थांबणारी धडधड. नेहमीच्या सपाट रस्त्यावरच अचानक दम लागू लागणं. यातलं काहीही झालं तर त्या दिवशीचं सायकलिंग संपलं आणि डॉक्टर गाठायचे. तुम्ही थांबल्यावरही छातीतला दाब काही मिनिटांत गेला नाही तर १०८ ला फोन. तिथे 'घबराटच असेल' असा अंदाज बांधत बसू नका.

आता जानापावला काय घडलं असावं ते बघू. १७४ हा आकडा २२० उणे वय या सूत्रातून आलेला आहे. तो अनेक माणसांची सरासरी आहे. एकेका माणसाची खरी कमाल त्याच्या १०-१२ ठोके वर किंवा खाली सहज असते. ४६ वर्षांच्या एखाद्या बाईची कमाल १८६ असेल, दुसरीची १६४. म्हणजे १७८ ला तुम्ही कुठलीही लक्ष्मणरेषा ओलांडलेली नव्हती. तिथे रेषाच नव्हती.

मग तुम्ही थांबलात. मुंग्यांचं मूळ याच क्षणात आहे. चढताना पाय भरपूर कार्बन डायऑक्साइड तयार करतात आणि तो बाहेर टाकायला श्वास जोरात चाललेला असतो, हिशेब जुळलेला असतो. पाय थांबले की कार्बन डायऑक्साइड एकदम कमी तयार होतो. पण भीतीमुळे तुमचा श्वास मात्र तसाच भराभर चालू राहिला. रक्तातला कार्बन डायऑक्साइड पातळीखाली गेला. त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि श्वास पुरत नाही असं वाटतं, जरी घेतला जातोय गरजेपेक्षा जास्त. वर, कडक चढावरून एकदम थांबून बसलं की रक्त पायांत साचतं आणि चक्कर वाढते. घबराटीचा हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. तुमचा ओसरायच्या आतच तुम्ही गाडीत बसलात, म्हणून मनाने नोंद केली: 'गाडी आली म्हणून वाचले.'

पण मुळात ठोके इतके चढले का? आमच्या मते निम्मा दोष गिअरचा आहे. तुम्ही लिहिलंय की पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८ दात आहेत. म्हणजे सगळ्यात हलका गिअर ३४ ला २८, पेडलच्या एका फेऱ्यात चाक १.२१ फेरे. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे एवढं हळू पेडल मारलं तरी वेग तासाला ९ किलोमीटर पडतो. त्याहून हळू जायचं तर पेडल अडखळतं, गुडघ्यावर येतं. तुमचं वजन ६२ किलो, सायकल-पाणी मिळून १३ धरू. ८ टक्क्यांच्या चढावर ९ च्या वेगाला सुमारे १६० वॉट लागतात. तुमच्या वजनाच्या बऱ्याच हौशी सायकलस्वारांना ही ताकद फार वेळ झेपत नाही. आता मागे ११-३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, लावा. ३४ ला ३४, एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, तेच ६० फेरे मारून वेग साडेसात आणि ताकद सुमारे १३० वॉट. तोच चढ, तीच तुम्ही, आणि तीस वॉट कमी. छाती धडधडत होती कारण खाली गिअरच उरला नव्हता. याला तुम्ही 'माझा फिटनेस गेला' असं नाव दिलंत.

कॅसेट बदलायला जाताना मेकॅनिकला मागच्या डिरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाची, मर्यादा विचारा. आखूड पिंजऱ्याचे बरेच डिरेलर २८-३० दातांपर्यंतच चालतात. ३४ साठी मध्यम पिंजऱ्याचा लागतो, नाहीतर मोठ्या दाताला वरची चक्री घासते. चेनही दोन-चार कड्यांनी लांब लागेल. जुनी चेन ताणलेली असेल तर ती नवीन कॅसेट लवकर झिजवते, तेव्हा चेन नवीच टाका. हा खर्च करण्यासारखा आहे.

घड्याळाकडे वळू. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश कातडीत टाकून ठोके मोजतं. सायकलवर मनगट वाकलेलं, मूठ आवळलेली, खडबडीत रस्त्याचे हादरे, पट्टा सैल. अशात तो आकडा वीस-तीसने चुकू शकतो, आणि तुम्हाला ते कळायला मार्ग नाही. खरा आकडा हवाच असेल तर छातीचा पट्टा घ्या, तो हृदयाचे विजेचे संकेत पकडतो. घालण्यापूर्वी त्याच्या आतल्या पट्ट्या पाण्याने ओल्या करायच्या. कोरड्या असतील तर हिवाळ्यात पहिली पाच-दहा मिनिटं, घाम यायच्या आत, नायलॉनच्या जर्सीच्या घर्षणाने तोसुद्धा १९०-२०० असे भलते आकडे दाखवतो.

आणि फिटनेसचा उतरणारा आकडा? सायकलवरून तो काढायला बऱ्याच घड्याळांना पेडलची ताकद मोजणारा मीटर लागतो. तो नसला तर घड्याळ तुमच्या चालण्या-पळण्यावरून अंदाज करतं. तुम्ही भाजी आणायला रमतगमत गेलात की त्याच्या लेखी तुम्ही ढिल्या पडलात. उन्हाची भर वेगळी. इंदुरात एप्रिल-मेमध्ये त्याच वेगाला ठोके तासाभरात १०-१५ ने वर सरकतात, कारण घामाने रक्तातलं पाणी कमी होतं आणि दर ठोक्याला कमी रक्त पुढे जातं. शिवाय तुम्ही रविवार चुकवताय. दोन आठवडे सायकल थांबली की रक्ताचा द्रवभाग घटतो आणि तोच रस्ता जास्त ठोक्यांत होतो. परत सुरू केलं की काही आठवड्यांत हे भरून येतं. बघा, भीतीने सुट्टी, सुट्टीने आकडा वाईट, वाईट आकड्याने आणखी भीती, असं हे चाक फिरतंय.

म्हणून सहा आठवडे हे करा. घड्याळातली जास्त ठोक्यांची सूचना बंद (डॉक्टरांनी मुद्दाम लावायला सांगितली नसेल तर). सायकल चालवताना घड्याळ जर्सीच्या मागच्या खिशात, नोंद अंतराची आणि वेळेची. बोटाने नाडी बघायचा मोह झाला की दहा मिनिटं पुढे ढकला, तोवर हाताला काम द्या. पहिला आठवडा जड जाईल. तीसवरून पंधरा, पंधरावरून पाच, असं उतरलं तरी चालेल.

ठोक्यांऐवजी पाढा वापरा. सतराचा पाढा, मोठ्याने. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न... दहापर्यंत दोन-तीन कड्या एका श्वासात म्हणता आल्या तर वेग हलका आहे. प्रत्येक आकड्याला श्वास घ्यावा लागतोय तर जोराचा झाला. पहिले दोन आठवडे सगळं सायकलिंग पाढ्याच्या वेगाने. मधल्या दोन दिवशी ४५ मिनिटं, रविवारी ३० किलोमीटर, एकटीने किंवा एका मैत्रिणीबरोबर. सुपर कॉरिडॉर याला उत्तम, रुंद, सपाट, सकाळी साडेपाचला मोकळा. तासाला १६ चा वेग पडेल. पडू द्या. तुमच्या गटातले बहुतेक जण हलक्या दिवशी जोरात जातात आणि जोराच्या दिवशी थकलेले असतात, त्यांच्या मागे लागून तुमचं भलं होणार नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून, टीएमटी ठीक आली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर, धडधड मुद्दाम आणायची. धडधड म्हणजे धोका ही जी गाठ मनात बसली आहे ती बोलून सुटत नाही, अनुभवानेच सुटते. सुरुवात घरात. जिना एक मिनिट भराभर चढ-उतार करा, मग उभ्यानेच थांबा, नाडी न बघता, पाणी न पिता, कुणाला हाक न मारता, आणि धडधड आपोआप उतरेपर्यंत वाट बघा. रोज तीनदा. आठवड्यानंतर सायकलवर: १५ मिनिटं हलकं चालवून झालं की २ मिनिटं पाढा तुटेल इतका जोर, ३ मिनिटं हळू, असं चार वेळा. त्यापुढे राऊकडचा एखादा पूल, चार-पाचदा वर-खाली. पाचव्या आठवड्यात जानापाव, पण अर्ध्यापर्यंतच, आणि तिथून बरं वाटत असताना परत. सहाव्यात नवीन कॅसेटवर वरपर्यंत, वाटेत हवं तितक्यांदा थांबून.

प्रत्येक वेळी वहीत दोन रकाने. डावीकडे निघण्याआधी: 'काय होईल असं वाटतंय', आणि भीती दहापैकी किती. उजवीकडे आल्यावर: 'काय झालं', आणि भीती किती. 'जिना. वाटलं चक्कर येऊन पडेन, ८. झालं: घाम आला, दोन मिनिटांत उतरलं, ४.' एवढंच. एकच नियम पाळा: भीती टोकाला असताना पळ काढायचा नाही, ती निम्म्यावर आली की थांबायचं.

रस्त्यात पुन्हा तसं झालं तर? आधी रस्त्याच्या डाव्या कडेला या, उतरा, सायकल हातात धरून हळूहळू चालत राहा, बसू नका. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, ओठ जरा मिटून सहा अंक मोजत सोडा. मोठा श्वास नको, हळू श्वास हवा. 'मोठा श्वास घे, मोठा श्वास घे' असं कुणी म्हणत असेल तर त्यांना हाताने थांबवा, त्याने मुंग्या वाढतात. कागदी पिशवी तोंडाला लावायची नाही. दहा-बारा मिनिटं. वर दिलेली धोक्याची लक्षणं नसतील तर गाडी बोलावण्याआधी निदान एक किलोमीटर सपाटीवर सायकल चालवा. मनात शेवटची नोंद रस्त्याच्या कडेची राहू नये म्हणून हे महत्त्वाचं.

शनिवारच्या रात्रीबद्दल. एका रात्रीची कमी झोप रविवारचा हलका फेरा बिघडवत नाही, झोपेबद्दलची काळजी जास्त बिघडवते. अंथरुणात अर्ध्या तासाहून जास्त तळमळलात तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद, कारण तिचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो. आणि शनिवारी रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाणं होत असेल तर ते दुसऱ्या दिवशी ढकला. अकरा वाजता गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, वर जिलबी, आणि पहाटे पाचला हँडलवर वाकून पोट दाबलेलं. आम्ल वर येतं, छातीत जळजळतं, आणि घाबरलेल्या मनाला ते हृदयच वाटतं. उपाशीपोटी निघणंही तसंच फसवं, साखर उतरली की हात थरथरतात आणि काहीतरी भयंकर होणार असं वाटतं. निघण्यापूर्वी एक केळं. तासाभरापुढच्या फेऱ्यात दर तासाला एक केळं किंवा शेंगदाण्याच्या चिक्कीच्या दोन वड्या, अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हाळ्यात त्यात ओआरएस, एक लिटरला एक पुडी. पोहे-जिलबी परत आल्यावर.

गटाला खरं सांगा. 'दीड महिना मी हळू चालवणार आहे, मागे असेन, राऊला भेटू' एवढं वाक्य पुरे. थांबायची ठिकाणं आधी ठरली की कुणी तुमच्यासाठी ताटकळत नाही आणि तुम्हाला तसं वाटतही नाही.

सहा आठवड्यांनीही रविवार टळत असेल, किंवा झटके घरी, बँकेत, झोपेतही येऊ लागले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका. घबराटीच्या झटक्यांवर विचार-वर्तन उपचाराचा चांगला उपयोग होतो, तो काही महिन्यांचा असतो, जन्माचा नव्हे. एम. वाय. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर चोवीस तास, विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येतं. औषध दिलं तर त्याची लाज वाटायचं कारण नाही. फक्त धडधडीसाठी प्रोप्रानोलोलसारखी गोळी दिली तर तिच्याने ठोके मुळातच कमी राहतात, मग घड्याळातले जुने झोन, म्हणजे ठोक्यांचे टप्पे, निरुपयोगी होतात. दमा असेल तर ती गोळी चालत नाही, हे डॉक्टरांना आधी सांगा, आणि ओळखीच्या कुणाची घेऊन तर मुळीच खाऊ नका.

घड्याळ विकू नका. सहा आठवडे ते मागच्या खिशात राहू द्या. सातव्या आठवड्यात छातीच्या पट्ट्यासह एकदाच बघा, सुपर कॉरिडॉरवर, पाढ्याच्या वेगाने, अर्ध्या तासाचे सरासरी ठोके. तो आकडा वहीत लिहा आणि पुढचा महिनाभरानंतर, त्याच रस्त्यावर, त्याच वेळी.